सत्तर टक्क्यांवर अडलो तो मी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. खरं तर मला सगळे 'डबा' म्हणतात. म्हणोत! मुंबईच्या एका ऑफिसातून निवृत्त झालो, गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून रत्नागिरीत आलो आणि मिरकरवाडा बंदराजवळ इशरतआपाच्या तिकिटांच्या दुकानात ठाण मांडलं.

आमच्याकडे एक गंमत. बोटीवर जाणारे असोत की आखातात जाणारे, सगळ्यांचा ईमेल एकच, आपाचा. तिकीट कुणाचंही असो, येणार माझ्याच पोटात. दोनशे जणांच्या पासपोर्टच्या प्रतीही तिथेच. कुणाला नोकरी लागली की दुकानात फणसाची सांदणं यायची. एक माझ्यापुढेही ठेवायचे. खायच्या मुंग्या, नाव माझं!

पुढे मी हळू झालो. मग टपल्या सुरू.

परवा अक्रम आला. दुसऱ्या दिवशी विमानाने जाऊन त्याला बोट गाठायची होती. आठ महिने घरी बसल्यावर मिळालेली नोकरी ती. तेवढ्यात मेल आला. वर विमान कंपनीचं झकास चित्र. 'प्रिय प्रवासी, उद्याचं विमान रद्द. नवं तिकीट सोबतच्या फाईलीत.'

"अक्रम, तुझंच रे हे!" आपाने घाईघाईत फाईल दाबली.

मला मात्र वास आला. नाव ना गाव, हा 'प्रिय प्रवासी' कोण? आत तिकीट नव्हतं, चोर होता. फाईल उघडली असती तर दोनशे पासपोर्ट घेऊन पसार! मला ना तोंड, ना हात. हळूपणा तेवढा भरपूर. ठरवलं, आज तोच वापरायचा. फाईल उतरू लागली. दहा टक्के... चाळीस... सत्तर. तिथे बसकणच मारली. चक्र गरगर फिरवत राहिलो.

"आपा, ह्या डब्याला दर्यात टाका!" अक्रमने टपली हाणली.

"मारतोस काय, मेल्या? हा उघडेपर्यंत मी फोन लावते." आपाने त्याच्या छापलेल्या तिकिटावरचा नंबर लावला. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. "विमान वेळेवर आहे म्हणतात. हा मेल त्यांनी धाडलाच नाही!"

एकाहत्तर... आणि तिने नेटची वायर खसकन उपटली.

अक्रमला बोट मिळाली. निघताना त्याने टपली मारली नाही. रुमालाने माझी काच पुसली.

मित्रांनो, मेल कितीही घाई करू दे, तुम्ही करू नका. आधी फोन लावा, तोही तिकिटावरच्या नंबरावर, मेलमधल्या नव्हे. आणि हळू चालणाऱ्याला टपली मारण्याआधी जरा थांबा.

आपा आता नवा कॉम्प्युटर आणणार म्हणते. आणू दे. त्यालाही मी अडायला शिकवीन.