बर्फात मुकी झालेली चिप

साल २०१८. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मी परळच्या एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आले. मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. तुमच्या अंगठ्याच्या नखावर माझ्यासारख्या चार जणी सहज मावतील.

मी नमुना म्हणून जन्मले परदेशातल्या कारखान्यात, पण मला घडवले ऋता तळवडेकर या काळाचौकीच्या मुलीने. दोन वर्षे ती या प्रयोगशाळेच्या कंपनीत तात्पुरत्या नोकरीवर होती. आपली चिप बाजारात गेली की तुला कायम करू, असा शब्द तिचे साहेब अवधूत यांनी दिला होता. त्या शब्दावर तिच्या घरी पेढेसुद्धा वाटून झाले होते.

माझे काम सांगते. पाण्याच्या नव्या मीटरमधली छोटी बॅटरी दहा वर्षे पुरावी लागते. म्हणून मीटरचा मेंदू अगदी कमी दाबाच्या विजेवर चालतो. तो जणू कुजबुजतो. बाहेर निरोप धाडणाऱ्या भागाला मात्र मोठा आवाज लागतो. कुजबुज ऐकून ती मोठ्याने सांगणाऱ्या सर्किटला लेव्हल शिफ्टर म्हणतात. तेच माझ्या पोटात आहे. तिथे सतत रस्सीखेच चालते. वरचा ट्रान्झिस्टर दणकट, कारण त्याच्यामागे जास्त दाब. खालचा अशक्त, कारण त्याला ताकद मिळते ती कुजबुजीतून. तरीही खालच्याने ओढून जिंकायला हवे, आणि तेही झटकन. ऋताने युक्ती केली. खालचा ओढू लागला की वरचा क्षणभर पकड सैल करायचा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातल्या तीन भागांत माझे काम उरके.

पहिल्याच चाचणीत मी उत्तीर्ण झाले. मला भट्टीत घालून तापवले, तरी चुकले नाही. अवधूतसाहेबांनी माझा फोटो काढून वरच्यांना पाठवला. त्या फोटोत ऋता नव्हती.

तिचे मन मात्र थाऱ्यावर नव्हते. इतर सर्किटे उन्हाळ्यात दमतात. माझ्यासारखी कमी दाबावर चालणारी थंडीत आखडतात. हे मीटर डोंगराळ मुलखात जाणार होते. तिने साहेबांना सांगितले, "सर, उणे दहा अंशांनाही एकदा बघू या."

"मुंबईत राहून तुला थंडी कुठून वाजते?" साहेब हसले. "उकाड्यात चालली ना? मग कुठेही चालेल."

प्रयोगशाळेत तापवायची भट्टी होती, गारठवायची पेटी नव्हती. बाहेर चाचणी करायला साहेब परवानगी देईनात. तेव्हा प्रयोगशाळेचे शिपाई लवूकाका मासळीबाजारात गेले आणि थर्माकोलची पेटी भरून बर्फाचा चुरा घेऊन आले. ऋताने त्यात खडेमीठ कालवले, म्हणजे बर्फ आणखी गार होतो.

"गो बाय, सकाळपर्यंत ह्या पेटीत सुरमई होती," लवूकाका म्हणाले. "तुझ्या चिपेक वास लागात."

"लागू दे काका. खरं बोलली म्हणजे झालं."

मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फात ठेवले. तारा बाहेर, यंत्राच्या पडद्याला जोडलेल्या. काही मिनिटांत माझा खालचा ट्रान्झिस्टर आखडला. तो ओढत राहिला आणि हरत राहिला. पडद्यावर पायरीसारखी चढणारी रेघ आडवी पडली. मी मुकी झाले होते.

खालचा ट्रान्झिस्टर दीडपट रुंद केला तर दोष जाईल, असा हिशोब करून ऋताने टिपण लिहिले आणि साहेबांच्या हाती दिले. साहेबांनी पेटीचा वास घेतला.

"हे वरच्यांना दाखवू? मासळीच्या पेटीतला प्रयोग? बोंबील आहे का ती?" मग त्यांनी तपासणीचा तक्ता पुढे केला. सर्व तापमानांत तपासले, असे त्यावर छापलेले होते. "शुक्रवारी चिपचा नकाशा कारखान्यात गेला पाहिजे. बदल केलास तर तीन महिने गेले. आणि तुझं कायम होणंही गेलं. सही कर, पुढच्या खेपेला सुधारू."

लवूकाका दारातून म्हणाले, "नको करू गो."

तिने सही केली. ज्या हाताने मला घडवले, त्याच हाताने केली. मला आजही तिचा राग येतो, आणि तिच्यावर राग धरायला मी कोण, असेही वाटते.

माझ्यासारख्या हजारो बहिणी बाजारात गेल्या. ऋता कायम झाली. पुढच्या जानेवारीत डोंगरातले मीटर एका आठवड्यात मुके झाले. परळमध्ये चौकशी बसली. साहेबांनी तो तक्ता टेबलावर ठेवला आणि सहीवर बोट ठेवले. ऋताने टिपणाची गोष्ट काढली. ते टिपण कुणाला सापडेना. लवूकाका आपणहून आत गेले आणि बर्फ मीच आणला होता म्हणाले.

"शिपायाला ट्रान्झिस्टरमधलं काय कळतं?" साहेब म्हणाले. सगळे हसले. त्या हसण्यात तिची नोकरी गेली.

पुढच्या वर्षी नवी चिप आली. तिचा खालचा ट्रान्झिस्टर बरोबर दीडपट रुंद होता. ती रचना अवधूतसाहेबांच्या नावावर आहे. आता ते बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर असतात आणि तरुणांना प्रामाणिकपणावर व्याख्याने देतात. लवूकाका निवृत्त होऊन गावी गेले आणि दोन वर्षांत वारले. ऋता दादरला डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. चिप घडवायला तिला पुन्हा कुणी बोलावले नाही. मी भंगाराच्या खोक्यात, मोडक्या तारांखाली आहे.

मित्रांनो, मला पुसून काचेच्या कपाटात ठेवा, असे मी म्हणत नाही. मी चुकीची होते आणि ते मी वेळेवर सांगितले होते. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही पुढे कुणी तक्ता सरकवेल आणि शुक्रवारची घाई सांगेल. जे तपासले नाही, त्याखाली नाव लिहू नका. ते नाव तुमचे असते. तक्ता त्यांचा असतो.