बेडकीचं एस्टिमेट

आयुष्य लोकांच्या गाड्यांखाली पडून काढायचं आणि म्हातारपणी जावई मिळायचा तो मोटारवेडा, हे नशीब माझ्याच वाट्याला यायचं होतं. जावई शाळेत गणित शिकवतो. स्वभावाने गरीब, निर्व्यसनी, लेकीला जपणारा. वेड एवढं एकच. लग्नाआधी पहिल्या पगारांतून पैसे साठवून त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारांची, हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. आम्ही तिला बेडकी म्हणतो. बेडकीचं इंजिन आता धूर ओकतं आणि चढावर धापा टाकतं. धापा मीही टाकतो, पण माझ्यात नवं इंजिन बसवायचं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

बेडकीबद्दल मात्र जावयाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. मागून चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन भंगारवाल्याकडे आलं होतं. ते बेडकीत घालायचं. म्हणजे हातगाडीला घोडा जुंपायचा.

लेक चष्म्याच्या दुकानात नोकरी करते. मालकाचं नाव पाटीवर आणि काम सगळं हिचं. स्वतःचं दुकान काढायचं तिच्या मनात कैक वर्षं आहे. चष्म्याच्या काचा घासायचं एक वापरलेलं मशीन तिने हेरून ठेवलं होतं. विकणारा महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, नंतर ते दुसऱ्याला जाणार होतं. आणि दोघांची मिळून शिल्लक होती तीन लाख. त्यात एक तर मशीन, नाहीतर इंजिन.

दोघं भांडली. भांडून भांडून दमली. शेवटी दमलेली माणसं करतात तसा एक करार त्यांनी केला. बाबांनी एस्टिमेट काढायचं. तीन लाखांत बसलं तर बेडकी, नाही बसलं तर मशीन. बाबांचा आकडा शेवटचा, त्यावर दोघांनी ब्र काढायचा नाही. माझ्या गळ्यात हे लोढणं अडकवताना मला मात्र कुणी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी लेक गॅरेजवर आली. मी एका टेम्पोच्या क्लचशी झटत होतो. ती टायरच्या चळतीवर बसली आणि माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून ओढणीने पुसायला लागली. ती असं करते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं.

"बाबा, आकडा जरा फुगवा ना."

"किती?"

"तीनच्या वर गेला की पुरे. तुम्हाला काय, गिअरबॉक्सचे वीस हजार जास्त लावायचे. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल."

"तुम्हाला माझं दुकान व्हायला हवंय की नको?"

हवंय, असं माझं मन ओरडून सांगत होतं. तोंडाने मी म्हणालो, "आधी आकडा तर निघू दे." ती चष्मा माझ्या नाकावर ठेवून गेली. खांदे पाडून चालत होती. लहानपणी परीक्षेत मार्क कमी पडले की अशीच चालायची.

गुरुवारी शाळा सुटल्यावर जावई आला. त्याने बेडकीच्या बॉनेटवरून हात फिरवला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग गाडी मुद्द्यावर आली.

"बाबा, ब्रेक पुढच्या वर्षी केले तर नाही चालणार? तेवढाच आकडा खाली येईल."

"जावईबापू, इंजिन दुप्पट ताकदीचं आणि ब्रेक जुनेच? अशी गाडी माझ्या दारातून बाहेर जाणार नाही."

"नाही, बरोबर आहे तुमचं." तो ओशाळला. मग म्हणाला, "घर, शाळा, पेपर तपासणं. मी तक्रार करत नाही हो. पण एकदा तरी हिला मनासारखी पळवायची होती."

त्याचा मला राग यायला हवा होता. आलाच नाही, उलट कीव आली. अडतिसाव्या वर्षी त्याच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती. दोघंही माझीच, आणि दोघांनाही माझ्याकडून खोटं हवं होतं. एकाला लहान, एकीला मोठं.

मी या धंद्यात नाव कमावलं ते एकाच गोष्टीवर. मी जो आकडा सांगतो तोच बिलावर येतो. त्यामुळे मी खरं एस्टिमेट काढायला बसलो. नवख्या माणसाला वाटतं, इंजिनाचे पैसे जमले म्हणजे काम झालं. खरा खर्च इंजिनाच्या मागून येतो. जुना गिअरबॉक्स एवढी ताकद पेलत नाही, तो बदला. इंजिन बसायची जागा वेगळी, तिथे पोलाद कापून नवे आधार वेल्ड करा. रेडिएटर मोठा, सायलेन्सर मोठा, ब्रेक तर हवेतच. भंगारवाल्याला तीनदा फोन केला. तीनही वेळा त्याच्या पोराबाळांची चौकशी करून भाव पाडला. पाडताना मनात म्हणत होतो, अरे अडून बस ना, नाही म्हण. पठ्ठ्या दर वेळी हो म्हणाला.

बेरीज आली दोन लाख ब्याण्णव हजार.

दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा खालून वर केली. बेरीज मेली हटेना. लेकीचं दुकान आठ हजारांनी गेलं होतं आणि ते मीच घालवलं होतं. गिअरबॉक्ससमोर दहा हजार वाढवायला पेन उचललं आणि खाली ठेवलं.

रविवारी दोघं आली. मी पाना हातात घेऊन बेडकीच्या बॉनेटखाली वाकलो होतो. तोंड लपवायला तेवढी जागा बरी. वाकूनच कागद मागे धरला. लेकीने घेतला.



"दोन ब्याण्णव," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "ठीक आहे. ठरलं म्हणजे ठरलं. मी उद्या त्या मशीनवाल्याला नाही म्हणून कळवते."

जावयाला आनंद झाला होता आणि तो त्याला लपवता येत नव्हता. त्याने बिचाऱ्याने प्रयत्न केला. "पुढच्या वर्षी आपण नक्की..." असं काहीतरी म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटलं नसावं. मग मला विचारलं, "बाबा, किती दिवस लागतील?"

"दिवसांचा हिशेब नाही सांगत. दोनशे तास धरा. रोजची कामं उरकून संध्याकाळी करीन, सुट्टीच्या दिवशी करीन. तीन-चार महिने."

एवढं बोलून मी सरळ व्हायला गेलो आणि कंबर धरली. उजवा हात मडगार्डला टेकून, दात आवळून, टप्प्याटप्प्याने उभा राहिलो. असं रोजच होतं. रोज बघायला कुणी नसतं.

लेक बघत होती. तिने पुन्हा कागद वर धरला. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि कागद संपला तिथे थांबलं.

"बाबा, यात मजुरी कुठे आहे?"

"कसली मजुरी? घरचं काम आहे."

"दोनशे तास?"

"आता मी काय जावयाला बिल फाडू?"

"आई म्हणायची ते खोटं नव्हतं," ती म्हणाली. "नटबोल्टाची पै न् पै मोजतील आणि स्वतःला मात्र फुकट वाटून टाकतील." तिने कागद माझ्यासमोर धरला. "मी आकडा फुगवा म्हणाले तर तुम्हाला खोटं चालत नव्हतं. मग हे काय आहे?"

जावयाने चमकून तिच्याकडे पाहिलं. फुगवायचं तिचं बोलणं त्याला आता कळलं होतं. पण तो रागावला नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? तो मान वळवून भिंतीकडे बघायला लागला. तिथे माझी दरांची पाटी आहे, ऑइलच्या डागांनी पिवळी पडलेली. मजुरी तासाला सहाशे.

"मी गणित शिकवतो," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "आणि मलाही दिसलं नाही."

त्याने लेकीच्या हातातून कागद घेतला. माझ्या खिशातलं पेन काढलं. बेडकीच्या टपावर कागद ठेवून शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं. मजुरी, एक लाख वीस हजार. खाली रेघ मारली. चार लाख बारा हजार. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक होतं. मग त्याने बॉनेट हळूच खाली घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. तळवे तिथेच राहिले.

"मशीनवाल्याला आजच फोन कर," तो म्हणाला. तिच्याकडे न बघताच.

मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगातला सगळा शीण एकदम वर आला. आजवर किती गाड्या अशा गेल्या असतील. भावाची, मेव्हण्याची, शेजाऱ्याची. आपल्याच माणसांकडून काय घ्यायचं, असं म्हणत गेलो. त्यातल्या एकाही कागदावर मी नव्हतो. मी टायरच्या चळतीवर बसलो.

लेक जवळ आली. माझा चष्मा काढला, ओढणीने पुसला, उजेडाकडे धरून बघितला.

"यातून तुम्हाला दिसतं तरी का? नंबर कधीचा बदललाय. दुकान निघालं की पहिला चष्मा तुमचा."

"घरचाच माणूस आहे," मी म्हणालो. "फुकट करशील ना?"

"नाही," ती म्हणाली. "काचेचे पैसे लावीन, फ्रेमचे लावीन आणि माझी मजुरी लावीन. तुम्ही द्यायची."

"देईन," मी म्हणालो. चष्मा तिच्याच हातात होता, म्हणून मला तिचं तोंड नीट दिसलं नाही.