बसवून ठेवलेला माणूस

आपल्याकडे म्हाताऱ्या बापाचं सुख कशावरून ठरतं? तो किती वेळ बसून असतो त्यावरून. बाप खुर्चीत, हातात चहा, समोर टीव्ही, म्हणजे मुलगा गुणी. तोच बाप कुदळ घेऊन अंगणात दिसला, की मुलाच्या संस्कारांची चौकशी सुरू होते. हा नियम तुम्हीआम्हीच केलेला आहे. भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आनंद रहांगडालेने तो मनापासून पाळला, एवढाच त्याचा गुन्हा.

आनंदचे वडील धोंडबा गोंदियाकडच्या खेड्यातून आले आणि स्टील प्लांटमध्ये छत्तीस वर्षं राबले. सायकलने गेले, सायकलनेच परत आले. निवृत्तीच्या दिवशी आनंदने त्यांना आरामखुर्ची आणून दिली. "आजा लोकायच्या धानात वाकून मेला, तुमी लाल लोखंडापुढे भाजले. आता या घरातलं कोनीतरी बसलं पाहिजे, बाबा," असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. धोंडबांनाही बरं वाटलं. पण ते बसले मात्र नाहीत. सकाळी क्वार्टरमागच्या बाडीत भाजीला आळी करायची, संध्याकाळी शेजारच्या भूपेंद्र साहूंबरोबर सायकलने सिविक सेंटरला जाऊन चहा प्यायचा. सहा वर्षं त्या खुर्चीवर फक्त कपडे वाळले.

मग दोन हजार वीसचा मार्च आला. आनंद कामाला जायचा तो हथखोजमधला कारखाना बंद झाला आणि तो पहिल्यांदाच दिवसभर घरी राहू लागला. सेवा करायला एवढी चांगली संधी त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

"बाबा, बाडीत जाऊ नका. बिमारी हवेत हाये म्हनते."

"अरे, आपल्या बाडीत कोन येऊन राहिला?" धोंडबा म्हणाले.

"रिस्क कावून घेता? तुमी बसा. काय पाहिजे ते सांगा, मी आनून देतो."

आणि त्याने खरंच आणून दिलं. पाणी हातात, ताट मांडीवर, चष्मा डोळ्यांवर. सायकल त्याने साखळी लावून मागच्या खोलीत ठेवली. दुपारी बापाच्या शेजारीच बसून तो मोबाइलवर घरच्या घरी व्यायाम करायचे व्हिडिओ बघायचा आणि दोनशे लोकांना पाठवायचा. खाली लिहायचा, घरी राहा, हलत राहा. हातभर अंतरावर बसलेला माणूस त्या यादीत नव्हता.

तारेच्या कुंपणापलीकडे भूपेंद्र रोज सकाळी स्वतःच्या बाडीत चकरा मारायचे. ते तिकडूनच हाक द्यायचे, "धोंडबा भाऊ, उठो! तुमी तुमच्या बाडीत, मी माझ्या. बीस चकरा. लॉकडाऊन उठला का सायकलवर चाय प्यायला जायचं हाये ना?"

धोंडबांचं मन उठायचं. तो चहा त्यांना फार हवा होता. रोज ते दिवस मोजत होते. पण आनंद आडवा यायचा. "काका, त्यायले नका बोलावू. सहासष्ट वर्साचे हायेत."

"मी बी सहासष्टचाच हाये, बेटा."

आनंद हसला. पुढच्या आठवड्यापासून त्याने खुर्ची पुढच्या व्हरांड्यात नेली, म्हणजे हाक ऐकू यायला नको.

एप्रिलच्या शेवटी धोंडबा उठताना खुर्चीचे हात धरू लागले. मे महिन्यात त्यांना कोणीतरी हात द्यावा लागे. आनंदला वाटलं, वय झालं. म्हणून त्याने सेवा आणखी वाढवली.

या सगळ्या काळात घरात आणखी एक म्हातारं माणूस होतं. आनंदची आई मथुरा. कामवाली येत नव्हती, म्हणून झाडू, पोछा, भांडी, पाणी भरणं आणि धोंडबांनी सोडलेली भाजीची आळी, सगळं तिच्याकडे आलं होतं. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. तिच्या बसण्याने घराची इज्जत वाढणार नव्हती.

जूनमध्ये बंधनं सैल झाली. पहिल्याच मोकळ्या संध्याकाळी भूपेंद्रनी फाटकाशी घंटी वाजवली. धोंडबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. आनंदनेच साखळी काढली, हवा भरली. तो काही दुष्ट नव्हता. धोंडबांनी डावा पाय पॅडलवर ठेवला आणि उजवा वर उचलायला गेले. पाय वर आलाच नाही. सायकलीसकट ते फाटकात कोसळले, आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. हाड जुळेल, डॉक्टर म्हणाले, पण मांड्यांत जीव उरलेला नाही, आता वॉकरशिवाय चालणं कठीण आहे. मग त्यांनी विचारलं, "दो महीने ये करते क्या थे?"

"कुछ नहीं, सर. हमने तो पानी का गिलास तक उठाने नहीं दिया," आनंद सवयीच्या अभिमानाने बोलला. बोलल्यावर ते त्याच्याच कानांवर आलं, आणि तो खाली बघू लागला.

तरीही माणूस सहजासहजी दोष आपल्यावर घेत नाही. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "वयच झालं होतं बाबाचं."

मथुरा झाडत होती. ती थांबली. "मी किती वर्साची हावो?"

"त्रेसष्ट."

"मंग माहे पाय कसे चालून राहिले?"

आनंदने तिच्या पायांकडे पाहिलं.

"मले कोनी खुर्ची आनून देल्ली नाही, म्हनून. त्यायले तू मान देऊन देऊन लुळं केलं. मले कोनी मान देल्ला नाही, म्हनून मी उभी हावो."

आनंदला रडू आलं. त्याने तिच्या हातातला झाडू धरला. "दे, आई. आता तू बस."

तिने झाडू सोडला नाही. "पाह्य, अजून तेच. काम वाटून घे माह्यासंगं. मले बसवू नको."

दुसऱ्या दिवशी आनंदने ती खुर्ची उचलून बाडीच्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. दारापासून चौतीस पावलं. बसायचं असेल तर बाबांना तिथवर जावं लागतं. पहिल्यांदा वॉकर धरून वीस मिनिटं लागली. आनंद मागे चालत होता, दोन्ही हात पाठीशी एकमेकांत गच्च धरून, कारण हात मोकळे असते तर त्याने बापाला उचललंच असतं. कुंपणापलीकडून भूपेंद्र त्याच संथ चालीने बरोबर चालत होते.

धोंडबा पुन्हा सायकलवर बसले नाहीत, आणि बसणारही नाहीत. सायकल विकायचं ते नाव काढू देत नाहीत. आनंद दर रविवारी तिच्यात हवा भरतो.

बंधुभगिनींनो, तो लॉकडाऊन केव्हाच उठला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांवर आपण प्रेमाने लावलेला अजून तसाच आहे. बापाला पाण्याचा पेला आणून देण्याआधी एकदा म्हणून बघा, बाबा, तुम्हीच उठून घ्या. शेजारीपाजारी नावं ठेवतील. ठेवू द्या, ते उद्या वॉकर धरायला येणार नाहीत. आणि आईला बस म्हणायची वेळ आली, तर आधी तिचं अर्धं काम आपल्या हातात घ्या.