काट्याला रक्त दिसत नाही

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, नंदुरबारच्या एका दवाखान्यात, दाराशेजारी, एकवीस वर्षं मी लोकांचे पाय झेलतोय. नवा होतो तेव्हा सगळे कौतुकाने म्हणायचे, "हा कधी खोटं बोलत नाही." त्या कौतुकाची आता मला किळस येते.

आमचा कंपाउंडर नवनीत. जाड माणूस चढला की तो आकडा ओरडून सांगतो आणि बाकांवरचे लोक फिदीफिदी हसतात. त्या हसण्याची शिसारी येतेच. त्याहून जास्त माझी मलाच येते, कारण आकडा माझाच असतो.

गेल्या वर्षी पिठाची गिरणी चालवणारी फरजाना कान दुखतो म्हणून आली. सोबत नवरा अकील, घड्याळं दुरुस्त करणारा, काडीसारखा.

"एकशे दोन!" नवनीत गरजला. "भाभी, गिरणीनं सगळं पीठ तुम्हीच खातस का?"

डॉक्टर मयूरीबाईंनी कानात न पाहताच साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी तपासायला लावली. सगळं व्यवस्थित निघालं. त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

नवऱ्याकडे बोट दाखवत फरजाना चढ्या आवाजात म्हणाली, "मन्हं दोनदा तपासं ना? आते यासनं बी तपासा. यासले सारखी तहान लागस. पायनी जखम महिनाभर भरी नही ऱ्हायनी."

"काडीले कसानी साखर?" नवनीत हसला आणि त्याने अकीलला माझ्यावर चढवलं. छप्पन्न.

अकीलची साखर चारशेच्या घरात निघाली. मोजा उतरवला, तर बोट काळं पडलेलं. कुजका वास माझ्यापर्यंत आला. आठवड्याभरात ते बोट कापावं लागलं.

मयूरीबाईंनी फरजानाची माफी मागितली. म्हणाल्या, "आज तुमचं सगळं चांगलं आहे. पण एवढ्या वजनाने पुढे बिघडूही शकतं. दरवर्षी तपासत राहा." आणि मग त्यांनी पहिल्यांदा तिच्या कानात पाहिलं.

परवा अकील पुन्हा माझ्यावर उभा राहिला. एका पायाला चारच बोटं. काटा छप्पन्नवर थांबला, गेल्या वर्षी होता तिथेच.

"वजन एकदम मस्त शे, भाऊ!" नवनीत म्हणाला.

नवऱ्याचा हात धरून फरजानाने त्याला हळूच खाली उतरवलं.

मित्रांनो, माझी काच पुसा, काटा शून्यावर आणा. पण मला विचारून कुणाला आजारी किंवा धडधाकट ठरवू नका. मला फक्त भार कळतो. एवढ्या वर्षांत मला तेवढंच कळलं, आणि माणसांना तेवढंच पुरलं.