बाळाची पहिली पावलं

बस स्थानकातली ‘हरवले-सापडले’ची खोली मी बारा वर्षं सांभाळतेय. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर अख्खी शिडी. वस्तू आली की तिचा मालक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. गेल्या वर्षी याच खोडीपायी माझं नाक कापलं गेलं. कुणाचा तरी पेनड्राइव्ह आला, मालकाचं नाव कळावं म्हणून मी तो कॉम्प्युटरला लावला आणि आतल्या व्हायरसनं माझी सगळी यादी गिळून टाकली. साहेब म्हणाले, “पुन्हा असं झालं तर खोली सोडायची आणि तिकीट खिडकीत बसायचं.” मला तर रडूच फुटलं होतं.

आणि परवा झाडलोट करणाऱ्या मावशींनी टेबलावर एक पेनड्राइव्ह आणून ठेवला.

“बाकावर होता बघ. काय लिहिलंय त्यावर? माझा चष्मा नाहीये.”

वर चिठ्ठी होती : ‘बाळाची पहिली पावलं’.

झालं! माझा जीव खालीवर.

“लाव की पटकन. कुणाचं बाळ ते तरी कळेल,” मावशी म्हणाल्या.

“तुमचं काय जातंय? खिडकीत मला बसायचंय!”

पण ते बाळ काही डोक्यातून जाईना. दोनदा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरपर्यंत नेला, दोनदा हात मागे घेतला. शेवटी म्हटलं, बाई गं, तुझं काम काय ते आठव. भिंग काढलं आणि त्याला उलटसुलट करून पाहिलं. हरवलेल्या वस्तूला खिशाचा नाहीतर पिशवीचा कचरा चिकटलेला असतोच. धागे, बिस्किटाचा चुरा, काहीतरी. याच्या फटीत काही म्हणजे काही नव्हतं. टोकावर ओरखडाही नाही. लहान मूल असलेल्या घरातली वस्तू, आणि इतकी स्वच्छ? हा कुणाच्या खिशातून पडलाच नव्हता, कुणीतरी मुद्दाम ठेवला होता. मी तो पाकिटात घालून कपाटाला कुलूप लावलं.

काल मुख्य कार्यालयातून एक तपासनीस आले. कोण फसतं ते बघायला त्यांनीच स्थानकात पाच पेनड्राइव्ह पेरले होते. चारांवर ‘पगारवाढीची यादी’ असं लिहिलं होतं. ते चारही कुठे ना कुठे लागले होते, त्यातला एक खुद्द साहेबांच्या कॉम्प्युटरला. साहेब आपले खिडकीबाहेर बघत उभे होते.

“पाचवा तुमच्याकडे असणार,” तपासनीस मला म्हणाले. “तो खास तुमच्यासाठी होता. द्या.”

“खूण सांगा, सही करा.”

“अहो, मीच ठेवला होता तो!”

“म्हणजे हरवला नाही ना? इथून फक्त हरवलेल्या वस्तू परत मिळतात.”

मावशी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मी मात्र न राहवून विचारलंच, “आत खरंच बाळाचे फोटो आहेत?”

“छे हो, कसलं बाळ!”

मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्यावर चिडायचंसुद्धा राहून गेलं. पेनड्राइव्ह दिला. साहेबांना म्हटलं, “तिकीट खिडकी झाडून ठेवायला सांगू का?” मग वहीत नोंद केली : ‘पेनड्राइव्ह एक. मालक हजर. कुणाच्याही बाळाचं काहीही हरवलेलं नाही.’