काचेच्या कडेचा तुकडा

मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. काडेपेटीएवढाही नाही. माझ्या आत माणसाच्या आतड्याचा नखाएवढा निरोगी तुकडा आहे. एकाचं अपेंडिक्स काढताना तो निघाला. तो माणूस बरा होऊन घरी गेला. मी तपासणीच्या खोलीतल्या खणात राहिलो.

माझं काम साधं आहे. कुणाच्या जठरातला बारीक तुकडा तपासायला येतो, तेव्हा कधी कधी डॉक्टरांना शंका येते. जठराच्या पेशी आपलं वळण सोडून आतड्याच्या पेशींसारख्या वागायला लागल्या आहेत का? तसं असेल तर पुढे कॅन्सर होण्याची भीती वाढते. आतड्याच्या पेशी काही प्रथिनं बनवतात, ती चांगल्या जठरात नसतात. बाटलीतलं एक औषध त्या प्रथिनांना शोधून चिकटतं आणि तिथे तपकिरी रंग चढतो. माझ्यात ती प्रथिनं भरपूर आहेत. म्हणून माझा पापुद्रा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचेच्या कडेला ठेवतात आणि शेजारी पेशंटचा. मी तपकिरी झालो, तर औषध चांगलं. मी झालो नाही, तर त्या काचेचं काहीच खरं धरायचं नाही.

मला पात्याची भीती वाटते. यंत्राचा दांडा फिरला की मी थोडा कमी होतो. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. मी कडेला असतो. सगळे बघतात शेजारच्याकडे. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही तर?

काचा रंगवणारे दादा माझं कौतुक करायचे. "आपला म्हातारा कधी दगा देत नाही," म्हणायचे. कौतुक होतं तिथेच बघणं कमी होतं, मित्रांनो.

एकदा पिठाची गिरणी चालवणारं एक जोडपं आलं. बाईच्या पोटात बरेच महिने दुखत होतं. दुर्बिणीने काढलेला तिचा तुकडा आमच्याकडे होता. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे ती मोठ्यांदा बोलायची. खिडकीबाहेरून सगळं ऐकू येत होतं.

"अहो, तोंड असं काय केलंय? दुखतंय मला का तुम्हाला?"

"हळू बोल गं. इथे हळू बोलतात."

"हे माझं हळूच आहे!"

दादा आत हसले. मग त्यांनी काच रंगवून मोठ्या बाईंसमोर ठेवली. बाई म्हणजे आमच्या डॉक्टर. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि म्हणाल्या, "तपकिरी कुठेच नाही. सुटली बिचारी."

दादा लगबगीने खिडकीकडे निघाले.

आणि मी? कडेला मी नुसता निळसर पडलो होतो. माझ्यावरही रंग चढला नव्हता. सुट्टीत फ्रिज बंद पडला होता आणि बाटलीतलं औषध खराब झालं होतं. मला ओरडायचं होतं, पण मेणाला तोंड कुठे असतं? दादांनी हसत खिडकी उघडली. नवरा धावतच आला. त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं.

"काका, काळजी करू नका, बहुतेक..."

"थांब!" बाईंनी काच सरकवली होती. "कडेचा बघितलास का तू?"

दादा परत आले. डोळा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हातारा कसा काय चुकला?"

"त्याला बोल लावू नकोस. बाटली बघ आधी. आणि मीही आधी कडेला बघायला हवं होतं."

नवी बाटली आली. पुन्हा पातं, पुन्हा मी. या वेळी मी गडद तपकिरी झालो. क्षणभर हायसं वाटलं, मग शेजारी बघितलं. तिच्या तुकड्यातही ठिकठिकाणी तोच रंग होता. माझाच रंग मला इतका नकोसा कधी झाला नव्हता.

बाई स्वतः खिडकीशी गेल्या. "हा कॅन्सर नाही. पण जठरात आतड्यासारख्या पेशी झाल्यात. औषध घ्यायचं आणि दरवर्षी दुर्बीण घालून तपासायचं. बरं वाटलं तरी यायचं."

"मघाशी तर हे दादा हसत होते हो," नवरा म्हणाला.

मग गिरणीवाली पहिल्यांदाच खरोखर हळू बोलली. "चला. परत बघितलं ना त्यांनी? तेच बरं झालं."

वर्ष गेलं. सांगितलेला दिवस उलटला, तरी ती आली नाही. दादा कॅलेंडरकडे बघायचे आणि मान हलवायचे. मी खणात अंधारात कान लावून बसायचो. बरं वाटत असेल, म्हणून राहिली असेल का? की बरं नसेल? रोज बाहेर नुसती हळू बोलणारी माणसं.

आणि एका सकाळी नवऱ्याचा आवाज आला. "हळू बोल गं. इथे हळू बोलतात."

तिचा तुकडा तयार होऊन आला, तसा दादांनी खण उघडला. माझ्यात आता थोडंच आतडं उरलं आहे, मग नुसतं मेण. काय रंग निघेल, मला माहीत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला परत तपासायला बोलावलं असेल, तर त्यांचा हात धरून घेऊन या. आणि पुढे तुम्ही कधी बाईंसारखे सूक्ष्मदर्शकासमोरच्या खुर्चीवर बसलात, तर 'सुटली' म्हणण्याआधी कडेला बघा.

दांडा फिरला. मला भीती वाटतेच आहे. पण बाई आता आधी माझ्याकडे बघतात.