दवंडी कुठं झाली?

दुपार कलली तरी कचरूदादाच्या दारात आम्ही चौघंच. माझा नवरा राधाकिसन, दादाच्या बायकोचा, तुळजावहिनीचा, म्हातारा भाऊ आबाराव, शेजारची गोजरबाई आणि मी. माणूस सकाळी गेला होता. आंघोळ घातली, तिरडी बांधली, मडक्यात विस्तव धरला, आणि ज्याला हाक मारल्याशिवाय आमच्या मंठा गावात कुणी पुढं जात नसे, त्याच्या दाराकडं काळं कुत्रं फिरकेना. आत-बाहेर करून मी उंबरा झिजवला. माझा स्वभाव मुळात तापट. त्या दिवशी डोक्यावर ज्वारी टाकली असती तर लाह्या झाल्या असत्या.

कचरूदादा गावाची दवंडी द्यायचा. हरवलेली म्हैस, देवीची लस, मयत, सगळं त्याच्या डफड्यावरूनच गावाला कळायचं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा रेडिओवर ऐकलेलं कुणी खरं धरलं नाही. कचरूदादानं पेठेत येऊन "राज बदललं, भिऊ नका, दुकानं उघडा" म्हटलं, तेव्हा कुठं लोकांनी फळ्या काढल्या.

मयताच्या दवंडीत त्याची एक रीत होती. नाव सांगायचा, कधी उचलणार ते सांगायचा, आणि शेवटी त्या माणसाची एक चांगली गोष्ट. माझी सासू गेली तेव्हा मी मनात म्हटलं, आता बघू हा काय शोधतो. सगळ्या आळीशी तिचं वाकडं होतं. तो म्हणाला, "तिच्या दारातून बिनपाण्याचं कोणी गेलं न्हाई." खरं होतं. शिव्या देत का होईना, ती तांब्या पुढं करायची. तिच्या हाताखाली जन्म काढून मला ते कधी दिसलं नव्हतं.

आणि आता त्याच्याच दारात कुणी नाही. बाजाराचा दिवस होता, म्हणून मी नवऱ्याला पेठेत पिटाळलं. तो एकटाच परत आला.

"काय झालं?"

"कोणी खरं धरंना. हसून राह्यलेत. म्हणत्यात, कचरू गेला तर दवंडी कुठं झाली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी कचरूदादा घनसावंगीला पाहुण्यांकडं तापानं पडला होता, आणि तो तिकडंच गेला अशी आवई उठली. कापडवाल्या धर्मराजशेठनं तर तिरडीला बांबूसुद्धा धाडले. तेवढ्यात हा मोटारीतून उतरला, दाराशी बांबू बघितले, आणि डफडं घेऊन पेठेत गेला. "ऐका हो ऐका. मी मेलो न्हाई. बांबू वापस न्या." गाव महिनाभर हसत होतं.

"धर्मराजशेठ म्हणला, मागं येडा बनलो, आता डफडं वाजल्याबिगर उठत न्हाई," नवऱ्यानं सांगितलं.

"मंग तुम्ही वाजवा."

"म्या? मला जमतंय व्हय ते?" नवरा खाली बघायला लागला. शेजारच्या गावाहून दुसरा दवंडीवाला आणावा तर ऊन उतरायला लागलं होतं.

आबाराव म्हणाला, "दिवस बुडायच्या आत उचलाया पायजे. आपण दोघं हावोत. आणखी दोघं रस्त्यानं भेटतील."

तुळजावहिनी सकाळपासून भिंतीला टेकून बसली होती. हे ऐकून ती उठली.

"रस्त्यानं भेटलेल्याच्या खांद्यावर न्हाई जायचे ते."

तिनं खुंटीवरचं डफडं काढलं. गोजरबाईनं तिचा पदर धरला. "बाई, मयत घरात असताना तू उंबरा वलांडू न्हाई."

"मंग तू जातीस का?"

गोजरबाईनं पदर सोडला. वहिनी अंगणात बसली आणि डफड्याचं कातडं त्या मडक्यातल्या विस्तवावर धरून शेकायला लागली. कातडं ताठ व्हावं म्हणून दवंडीला निघताना कचरूदादा असंच फिरवून फिरवून शेकायचा, पण चुलीवर. चूल आज बंद होती. ज्या विस्तवानं त्याला अग्नी द्यायचा, त्यावर ती त्याचं डफडं तापवत होती. ती निघाली तशी मीही तिच्यामागं गेले.

पेठेच्या तोंडाशी तिनं डफड्यावर टिपरू मारलं. मिरच्यावाली मान वर न करता हसली. "घ्या, आला बघा मेलेला." आणखी चारजण हसले. मग त्यांनी मान वर करून पाहिलं.

"ऐका हो ऐका," वहिनी म्हणाली आणि अडली.

का अडली ते मला लगेच कळलं. पुढं नाव होतं. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा पदर तोंडावर घेऊन पळायची. सगळी पेठ तिच्या तोंडाकडं बघत होती. मला राहवेना. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं टिपरूचा हात आडवा करून मला थांबवलं.

"कचरू," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "कचरू भुजंग. राहणार चावडीमागं. आज सकाळी गेले. दिवस बुडायच्या आत उचलायचंय." तिला धाप लागली होती. "तुमच्या समद्यांच्या घरचं एकेक चांगलं त्येंनी सांगितलं. त्येंचं कोणीतरी सांगा."

ताजव्यातली डाळ ताजव्यातच राहिली. मी मनातल्या मनात गावाला शिव्या मोजत होते, तोवर धर्मराजशेठ दुकानातून अनवाणीच खाली उतरला.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याच्या तोंडून आल्याबिगर आमाला कायबी खरं वाटत नव्हतं. हे बी न्हाई वाटलं."

वहिनीनं डफडं छातीशी धरलं आणि दिवसात पहिल्यांदा रडली. मग पेठेत एका कडेनं फळ्या लागत गेल्या. मिरच्यावालीनं पाटी तिथंच सोडली. आम्ही घराकडं वळलो तेव्हा सगळा बाजार मागं येत होता, आणि जो तो आपापल्या मेलेल्या माणसाबद्दल कचरूदादा काय म्हणाला होता, ते शेजारच्याला सांगत होता.